कारखान्यातले इअरमफ, अ‍ॅस्पर्जरवाला मुलगा आणि पुण्यातला आवाज: दीड वर्ष वापरून लिहितोय

ज्यांना फक्त घेऊ का नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगतो, इअरमफ (आवाज कमी करायला दोन्ही कानांवरून घालायचे कप) घ्या, पण लहान मुलांचे म्हणून ऑनलाइन जे रंगीबेरंगी मिळतात ते नको, सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानातून घ्या आणि पोराला सोबत नेऊन घ्या. आता बाकीचं सविस्तर, कारण मी शोधत होतो तेव्हा मराठीत कुणी काहीच लिहिलेलं सापडलं नव्हतं.

मुलगा 9 वर्षांचा, चौथीत. तो 6 वर्षांचा असताना असेसमेंट केलं, रिपोर्टवर ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर लेव्हल 1 (म्हणजे सगळ्यात कमी मदत लागणारी पातळी) लिहिलंय, डॉक्टर तोंडी म्हणाले पूर्वी याला अ‍ॅस्पर्जर म्हणायचे. अमेरिकेतले डॉक्टर ज्या पुस्तकावरून निदान करतात त्यातून 2013 मध्ये हा शब्द काढून सगळं एका स्पेक्ट्रमखाली आणलं. शब्द आला हान्स अ‍ॅस्पर्जर या व्हिएन्नाच्या डॉक्टरवरून, त्याने 1944 मध्ये अशा मुलांबद्दल लिहिलं होतं, आणि 1981 मध्ये इंग्लंडच्या लॉर्ना विंग बाईंनी ते नाव सगळीकडे नेलं. पुढे 2018 च्या सुमारास जुनी कागदपत्रं बाहेर आली की याच अ‍ॅस्पर्जरने नाझी काळात काही अपंग मुलांना अशा दवाखान्यात पाठवलं होतं जिथे मुलांना मारत. हे वाचल्यापासून बायको तो शब्द तोंडात घेत नाही. मी घेतो, कारण मला एक प्रॅक्टिकल अनुभव आलाय, नातेवाईकांपुढे ऑटिझम म्हटलं की चेहरे पडतात आणि विषय बदलतात, अ‍ॅस्पर्जर म्हटलं की "म्हणजे काय असतं रे ते?" असं विचारतात आणि मग निदान पाच मिनिटं ऐकून तरी घेतात.

चिरंजीव बोलतात भरपूर. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट, मेट्रोची दोन्ही लाइनची सगळी स्टेशनं सरळ आणि उलट, सिव्हिल कोर्टचं स्टेशन जमिनीखाली किती मीटर आहे हे पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी सांगून होतं (33, तुम्हाला पण सांगून ठेवतो). बोलणं पुस्तकी, चार वर्षांचा असल्यापासून "मला हे मान्य नाही" असं म्हणतो. आमचा सगळा प्रॉब्लेम आवाजाचा.

आणि सगळ्या आवाजांचा नाही बरं का, इथेच आमची आणि घरातल्या मोठ्यांची फसगत झाली. मेट्रो स्टेशनात शिरताना केवढा आवाज होतो, तो त्याला चालतो, नुसता चालत नाही आवडतो. आणि शेजारच्या फ्लॅटमधली ड्रिल, हात वाळवायचं मशीन, मागून येणाऱ्या बुलेटचा फटाका, नाट्यगृहात माइकची ती किंचाळी, हे झालं की पोरगं जमिनीवर. मग आई म्हणायची मेट्रो बरी चालते याला, नाटकं आहेत सगळी. आता कळतं की आवाज किती मोठा यापेक्षा तो कधी येणार हे आधी माहीत आहे की नाही याला जास्त महत्त्व आहे. मेट्रोचा आवाज कधी येणार ते त्याला सेकंदावर माहीत असतं. कुकरची शिट्टी सगळ्यात वाईट, कारण ती येणार हे नक्की पण कधी ते कुकरलाच माहीत, आणि मधली ती फुसफुस चालू झाली की हा कानावर हात घेऊन संडासात जाऊन बसायचा, तिन्ही शिट्ट्या होईपर्यंत.

एक गोष्ट लिहितो, लिहायची नव्हती. तो पाच वर्षांचा असताना एका लग्नात वरातीचा बँड कार्यालयाच्या दारात आला आणि हा जेवणाच्या टेबलाखाली शिरला, बाहेर यायला तयार नाही, लोक वाकून वाकून बघतायत, कुणीतरी म्हणालं लाडावून ठेवलाय, आणि मी त्याला ओढून काढून एक ठेवून दिली. त्याने रडायच्या आधी दोन्ही हात परत कानावर नेले. गालावर नाही, कानावर. मी सात वर्षं प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून आकार देणारी मशीनं असतात तिथे) काम करतो, चाकणला, रोज कानाला मफ लावून उभा असतो, आणि माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला नाही तो नाहीच.

प्रकाश पडायला अजून अडीच वर्षं गेली. मधल्या काळात पैसे घालवले ते असे. पहिले फोमचे बोळे, जे कानात पिळून घालायचे. आमच्या पोराला कानात काही गेलेलं चालत नाही, शर्टाच्या कॉलरचं लेबल चालत नाही तिथे बोळा काय चालणार, एक मिनिटात दोन्ही बाहेर. मग ऑनलाइन मागवलेले लहान मुलांचे मफ, त्याच्यावर डायनासोर, साडेसहाशे रुपये. दिसायला गोड पण आतला स्पंज पातळ, गादी कडक, आणि वरचा प्लास्टिकचा पट्टा तिसऱ्या आठवड्यात कट्कन मोडला, तो मोडायचा आवाज बरोबर कानाशी झाला म्हणून मग पुढचा महिनाभर तो काहीच डोक्यावर घालायला तयार नव्हता. कंपनीचं नाव लिहीत नाही, असले सगळे एकाच ठिकाणी बनत असावेत असा मला डाउट आहे.

मग मेव्हण्याने त्याचे जुने ब्लूटूथवाले नॉइज कॅन्सलिंग हेडफोन दिले, महागडे. याबद्दल लोक फार विचारतात म्हणून थोडं जास्त सांगतो. हे हेडफोन बाहेरच्या आवाजाच्या उलटी लाट आत सोडून तो खोडतात, त्यामुळे एकसारखी घरघर, म्हणजे पंखा, एसी, बसचं इंजिन, ती मस्त गायब होते. पण अचानक येणारा आवाज, हॉर्न, फटाका, कुत्रं भुंकणं, भांडं पडणं, त्याचं काही विशेष होत नाही, आणि आमच्या पोराला त्रास नेमका त्याचाच. उलट पंखा गायब झाल्यामुळे भांडं जास्त जोरात पडल्यासारखं वाटायचं. शिवाय कानात दडे बसल्यासारखं होतं म्हणायचा, आणि बॅटरी 40 टक्क्यांखाली गेली की त्याचं लक्ष बॅटरीतच. तुमच्या मुलाला बसच्या घरघरीचा त्रास असेल तर जरूर बघा, आमच्याकडे मेव्हण्याला परत गेले.

तर एक दिवस सेकंड शिफ्टला लाइनवर उभा होतो, प्रेस चालू, कानाला मफ, आणि मागून पोऱ्या येऊन खांद्याला हात लावून गेला आणि मी दचकलो नाही. म्हणजे एवढ्या गदारोळात मी निवांत होतो. तिथेच डोक्यात आलं की हाच मफ घरी न्यावा. सेफ्टी ऑफिसरला विचारलं तर म्हणाला कंपनीचा नको नेऊस, गेटवर चेकिंग आहे, रविवार पेठेत जा.

बोहरी आळी ज्यांना माहितीये त्यांना काय सांगायचं, ज्यांना नाही त्यांनी शनिवारी संध्याकाळी जाऊ नका एवढंच. आम्ही मंगळवारी दुपारी गेलो, त्याला आधी सांगून, कुठल्या रस्त्याने जाणार, किती वाजता, दुकानात काय काय असेल. दुकान म्हणजे आठ फुटी गाळा, बाहेर गमबूट आणि हेल्मेटं टांगलेली, नाव टाकत नाही कारण मालक म्हणाले साहेब नाव नका टाकू, मला रिटेलची गर्दी नको. त्यांनी पहिला प्रश्न विचारला,

"कुठल्या मशीनवर लागतंय?"

मी काही बोलायच्या आत चिरंजीव म्हणाले, "मिक्सर, कुकर आणि खालच्या मजल्यावरचे काका."

मालक हसले नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी तीन प्रकारचे मफ काउंटरवर ठेवले आणि थेट त्यालाच सांगायला लागले, हा हलका, हा मधला, हा भारी. प्रत्येकावर आकडा असतो, युरोपचं मार्किंग असेल तर एसएनआर आणि अमेरिकेचं असेल तर एनआरआर, किती डेसिबल आवाज कमी होतो त्याचा. पोरगं आकडा म्हटल्यावर खूश. एक घालून बघितला, मालकांनी त्याच्या मागे जाऊन टाळी वाजवली आणि पुढे येऊन विचारलं, ऐकू आली का? हा म्हणाला, "आली. दोन वाजवल्या. तुम्हाला माहिती असताना मला का विचारता?" मग मालक हसले.

27 एसएनआरवाला घेतला, पिवळा, कारण काळ्या रंगाचा पट्टा करकरतो असं चिरंजीवांचं म्हणणं पडलं आणि मला काही तो करकर ऐकू येईना. 1150 रुपये, बिल मागून घेतलं. मापाचं म्हणाल तर मोठ्यांचाच आहे, पण सात-आठ वर्षांच्या मुलाचं डोकं जवळपास मोठ्यांएवढंच झालेलं असतं, पट्टा सगळ्यात आत सरकवला की बसतो. आम्ही वरून जुन्या बनियनची पट्टी गुंडाळली म्हणजे टाळूला टोचत नाही. चारपाच वर्षांच्या मुलाला मात्र हा बसणार नाही, भार पण जास्त होईल.

एक गोष्ट नीट समजून घ्या, 27 लिहिलंय म्हणजे डोक्यावर 27 मिळत नाहीत. तो लॅबमधला आकडा, नीट बसवलेला, केस बाजूला केलेले. चष्म्याची काडी गादीखाली आली, केस आले, पट्टा सैल झाला की फटीतून आवाज घुसतो, 15-20 धरून चाला. तेवढे पण पुष्कळ झाले, कारण डेसिबल हे साध्या मापासारखं नाही, 10 ने कमी झालं की कानाला साधारण निम्मं वाटतं. मी कंपनीतला साउंड लेव्हल मीटर परवानगी काढून एक रविवार घरी आणला होता. आमचा मिक्सर ओट्यापासून हातभर अंतरावर 88 दाखवत होता. कारखान्यात 90 च्या वर आठ तास माणूस उभा करायचा नाही असा नियम आहे, म्हणजे बायको चटणी वाटते ते जवळजवळ कारखान्यातल्या मर्यादेएवढंच. आई मीटरकडे बघून म्हणाली, अरे मग मला पण आण की एक.

आईचं सांगायचं तर तिच्यात फरक या मीटरमुळे पडला. डॉक्टरांचा रिपोर्ट तिने कधी मानला नाही पण मशीनवर लाल आकडा दिसल्यावर मानलं. आता कुकर फुसफुसायला लागला की ओट्यापासूनच हाक देते, "शिट्टी येतेय रे बाळा," आणि हा जिथे असेल तिथून मफ लावतो, शिट्टी झाली की काढतो, आणि गणित पुढे चालू. संडासातली वारी बंद. खरं सांगायचं तर गेल्या काही महिन्यांत नुसती हाक आली तरी तो मफ हातात घेतो आणि लावत नाही. जवळ असला की बास.

आता गणपती. आम्ही राहतो कर्वेनगरला, नदीच्या बाजूला. पुण्याबाहेरच्यांना सांगतो, गणपतीच्या आधी दीड-दोन महिने रोज संध्याकाळी नदीकाठाने ढोलपथकांच्या प्रॅक्टिस चालतात, मला स्वतःला ढोल आवडतो, कॉलेजात असताना दोन वर्षं वाजवलाय, पण दोन महिने रोज म्हणजे जरा जास्तच होतं. कायद्याने राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, तो कागद मी चिरंजीवांना दाखवायची चूक केली, तेव्हापासून ते रोज दहा वाजता बाल्कनीत घड्याळ घेऊन उभे राहतात.

विसर्जनाला आम्ही दरवर्षी आत्याकडे जातो, लक्ष्मी रोडच्या जवळ, पहिल्या मजल्यावर गॅलरी आहे. म्हणजे मी जायचो, बायको आणि तो घरी थांबायचे. मफ आल्यावर पहिल्यांदा तिघं गेलो. आधीच ठरवलं होतं, मागच्या खोलीत दार लावून बसता येईल, वीस मिनिटांनी निघायचं, दुपारीच जायचं म्हणजे मानाचे गणपती बघून परत. तो मफ लावून गॅलरीच्या कठड्याला टेकला. समोर पथक आलं, मी घरून मीटरचं अ‍ॅप आणलं होतं पण त्यावर विश्वास ठेवू नका, फोनचा माइक एवढ्या आवाजाला हात टेकतो. खाली ताशाची तर्री चालू झाली आणि मी त्याच्याकडेच बघत होतो, आता जातोय आत, आता जातोय आत. तो गेला नाही. बोटाने काहीतरी मोजत होता. मग माझी बाही ओढून म्हणाला, "बाबा, ढोल 52, ताशे 14, आणि एक माणूस चुकीच्या हाताने वाजवतोय." आणि मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "इथून पण येतोय."

हे अगदी बरोबर आहे आणि हा या वस्तूचा दोषच म्हणा. मफ कान झाकतो, ढोलाचा दणका हा हाडातून, पोटातून, पायाखालच्या फरशीतून येतो, तो कुठलाच मफ थांबवत नाही. ताशा अर्ध्यावर येतो, ढोल येतोच. डीजेची भिंत असेल तर अजिबात जाऊ नका, मफ असला तरी नाही, आमचं पोर मागच्या वर्षी एका चौकात डीजेसमोर गाडी अडकली तेव्हा मफ लावलेला असून उलटी करून मोकळं झालं.

पण त्या दिवशी गॅलरीत वीसची चाळीस मिनिटं झाली. आत्याच्या यजमानांनी, वय 78, सवयीने सांगितलं की तो बघ तुळशीबागेचा, तिसरा मानाचा. चिरंजीव मफची एक बाजू उचलून म्हणाले, "आजोबा, तिसरा गुरुजी तालीम. तुळशीबाग चौथा. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा," आणि बाजू परत बंद. आजोबांना त्यांच्या घरात एवढ्या वर्षांत कुणी दुरुस्त केलं नसेल. ती एक बाजू उचलून बोलायची स्टाइल आता घरात पण चालते, आम्ही रागवायला लागलो की खटकन बंद होते, आणि त्याला आम्ही काही करू शकत नाही.

बाकी तक्रारी भराभर. उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये दहा मिनिटांत कानाभोवती घामाचं तळं, गादी चिकटते, पुरळ आलं होतं, आम्ही सुती कापडाची कव्हरं शिवली, त्याने आवाज थोडा जास्त येतो पण घातला तरी जातो. गादी आठ महिन्यांत कडेने उकलली. पट्टा पहिले दोन आठवडे फार दाबतो, रात्री तो पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवायचा म्हणजे सैलावतो, हे पण त्या मालकांनीच सांगितलं. रस्त्यावर अजिबात नाही, हाक ऐकू येत नाही, कर्वे रोड ओलांडताना मफ खाली गळ्यात आणि हात माझ्या हातात, यावर आमच्याकडे भांडण झालं, नियम लिहून फ्रिजला लावल्यावर संपलं, लिहिलेला नियम त्याला पटतो.

आणि दिवसभर लावून ठेवायचा नाही. सुरुवातीला आम्ही तेच केलं, शांत आहे ना, राहू दे. ओटी मॅडमनी (त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट) बघितल्यावर झापलं, म्हणाल्या कानाला शांततेची इतकी सवय लागेल की साधं बोलणं पण मोठं वाटायला लागेल, आवाज येणार असेल तेव्हा लावा, गेला की काढा. त्यांनी सांगितल्यावर त्याला वेळ ठरवून दिली नाही, कधी लावायचा ते तोच ठरवतो पण काढायचा कधी हे सांगून लावतो. हे जमायला चार महिने लागले.

शाळेत पहिल्यांदा नाही म्हणाले. बाकीची मुलं पण आणतील, शिस्तीचा प्रश्न, मॅडमचं ऐकू येणार नाही. शाळेचं नाव घेत नाही, नंतर त्यांनी खूप सहकार्य केलंय. मी ओटी मॅडमचं पत्र आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स नेली, 2016 च्या कायद्यात ऑटिझम आहे आणि शाळेने अशा मुलाला लागेल ती सोय करून द्यायची असते हे शांतपणे दाखवलं. मग ठरलं, फक्त मधल्या सुट्टीच्या घंटेला, पीटीला आणि गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला. मुलं हसली का, तर हसली, एक आठवडा त्याला पायलट म्हणायचे. त्याला ते चिडवणं आहे हे कळलंच नाही, घरी येऊन सांगितलं की मुलांना मी पायलट वाटतो पण पायलटच्या हेडसेटला माइक असतो, मी त्यांना सांगितलं. आता वर्गातला एक मुलगा मागून घेऊन डबा खाताना लावतो.

अनोळखी लोकांचं काही करता येत नाही. "काय रे, गाणी ऐकतोस का?" हे बसमध्ये रोज. तो खरं ते सांगतो, "नाही, मी काहीच ऐकत नाहीये," आणि समोरच्याला वाटतं उद्धट आहे.

एकूण 5 पैकी 4, एक स्टार उन्हाळ्याचा कापला. घेताना दोन गोष्टी विचारा, गादीचा जोड वेगळा मिळतो का आणि त्याच मॉडेलचा मिळतो का. आमच्या मॉडेलचा मिळतो, 280 ला, स्पंजासकट, पण दुकानात नसतो, सांगून ठेवला की चारपाच दिवसांनी येतो, म्हणून आता मी एक जोड कपाटात ठेवतो आणि दुसरा पूर्ण मफ आत्याकडे गॅलरीतल्या खुंटीला आहे. तो घेताना चिरंजीवांनी करकर ऐकायला सगळ्या डब्या उघडायला लावल्या, सात उघडल्या, सातवा घेतला.